अरुंद तोंडाचं मडकं

डोंगररांगांच्या पलीकडे, फार पूर्वी एक देश होता. तिथं एक कुंभारीण आणि तिचा नवरा राहत. देशाचा राष्ट्राध्यक्ष निवडायची वेळ आली की दोन मडकी घडवायचं काम तिच्याकडे असे. एक पांढरं, एक काळं.

तिथली रीत अशी होती. प्रत्येकानं एक खडा घेऊन पडद्याआड जायचं. निवडीला उभा राहिलेला माणूस हवा असेल तर पांढऱ्या मडक्यात, नको असेल तर काळ्या मडक्यात पार तळापर्यंत हात घालायचा आणि खडा अलगद ठेवायचा. आवाज होत नसे, म्हणून कुणाचा खडा कुठे गेला ते कुणाला कळत नसे.

एका वर्षी देशाचे पंच आपसांत भांडत बसले. तेव्हा सेनापतीनं त्यांना हाकलून दिलं. "घडी नीट बसू द्या, मग तलवार खुंटीला टांगतो," तो म्हणाला. लोकांनाही बरं वाटलं. घडी बसली, पण तलवार काही खुंटीला गेली नाही. उलट सेनापतीला राष्ट्राध्यक्ष व्हावंसं वाटू लागलं.

त्यानं कुंभारणीला बोलावून दोन बोटं दाखवली. "काळ्या मडक्याचं तोंड एवढंच ठेव."

"सरकार, त्यात हात जायचा नाही."

"खडा जाईल ना? मग झालं."

तिनं घरी येऊन सगळं सांगितलं. नवरा म्हणाला, "अगं, हात गेला नाही तर खडा वरून टाकावा लागेल. खण्णकन वाजेल. बाहेर शिपाई कान लावून उभे असतील."

"मला कळत नाही का? पण त्यांना नाही कशी म्हणू?"

"तू नको म्हणूस. मी म्हणेन."

निवडीच्या दिवशी दुपारपर्यंत मांडवात चिडीचूप होतं. मग एकदाच आवाज आला. खण्ण! शिपायांनी तिच्या नवऱ्याला दंडाला धरून किल्ल्यात नेलं. सेनापती राष्ट्राध्यक्ष झाला.

सात वर्षं गेली. घरात पळी पडली तरी कुंभारीण दचकायची. नवीन मडकं झालं की आधी त्यात हात घालून बघायची.

इकडे राष्ट्राध्यक्ष भेटेल त्याला सांगायचा, "अख्ख्या देशात माझ्याविरुद्ध एकच खडा!" सुरुवातीला हे सांगताना तो प्रधानाकडे बघून मिशीत हसायचा. हळूहळू ते हसू गेलं. नुसतं वाक्य राहिलं.

पुढं धान्य महागलं, लोक कुरकुरू लागले. प्रधान म्हणाला, "इतक्यात निवड नको, महाराज."

"का? लोकांचा माझ्यावर जीव आहे. मागवा मडकी!"

कुंभारीण दरबारात शिरत होती, तेव्हा प्रधान दारातच तिच्या कानाशी लागला. "मावशी, तोंड मागच्यासारखंच. नाहीतर नवरा पुन्हा दिसायचा नाही."

मान डोलावून परत जावं, असं तिला वाटलं. पण मग तसंच दुसरं मडकं घडवावं लागणार होतं, आणि पुन्हा कुणाचा तरी नवरा किल्ल्यात जाणार होता. ती भरल्या दरबारात पुढं झाली.

"सरकार, काळ्या मडक्याचं तोंड केवढं ठेवू?"

प्रधान पांढराफटक पडला. आपण आपल्या माणसाला मारलं, असंच कुंभारणीला वाटलं. तिनं हळूच वर पाहिलं. राष्ट्राध्यक्षाच्या डोळ्यांत राग नव्हता, नवल होतं. त्याला खरंच काही आठवत नव्हतं!

"हा काय प्रश्न झाला?" तो हसला. "दोन्ही तोंडं सारखी ठेव. मला कुणाची भीती आहे?"

निवडीच्या दिवशी ती मांडवाबाहेर पदराचं टोक पिळत उभी होती. आतून काहीच ऐकू येत नव्हतं. मागच्या वेळीही असंच शांत होतं. लोक अजून भीत असतील तर?

संध्याकाळी मडकी उलटी केली. पांढऱ्यातून मूठभर खडे पडले. काळ्यातून पडतच राहिले. म्हणजे त्यात शिपायांचेही होते.

"पण मागच्या वेळी तर एकच होता!" राष्ट्राध्यक्ष ओरडला.

"मागच्या वेळी हात आत जात नव्हता, सरकार," कुंभारीण म्हणाली.

त्यानं शिपायांकडे पाहिलं. ते दुसरीकडे बघू लागले. मग एक जण निघाला आणि किल्ल्याचं दार उघडायला गेला.

नवरा उजेडात डोळे किलकिले करत बाहेर आला. दाढी छातीपर्यंत वाढलेली.

"तोंड मोठं ठेवलंस वाटतं?"

"विचारून ठेवलं."

"विचारलंस? त्यालाच? खुळी गं खुळी!" तो म्हणाला, आणि सात वर्षांत पहिल्यांदा दोघं हसली.

तात्पर्य: धाक घालून मिळवलेला होकार खोटा असतो, आणि त्याला सगळ्यात जास्त फसतो तो मिळवणाराच.