पिसांचा आजचा भाव

सातखोरं नावाचं एक जंगल होतं. तिथे यमुनाबाई नावाचं एक साळिंदर राहत होतं. यमुनाबाईंना वेणू नावाची एक मुलगी होती. आणि दोघींना एक सरकार होतं. त्याचं नाव घ्यायची पद्धत नव्हती, सगळे नुसतं 'वर' म्हणत. वरून आलं, वर विचारावं लागेल, वर कळवलंय.

तो दिवस तसा साधाच होता. यमुनाबाई बिळाच्या तोंडाशी बसून कंद सोलत होत्या आणि मधूनमधून आभाळाकडे बघत होत्या.

"आई, मान खाली," वेणू म्हणाली.

"अगं करकोचा चाललाय, बघू दे की जरा."

"समोर घोरपडेकाका बसलेत. परत ओरडतील."

घोरपडेकाका ओरडलेच. "वहिनी! काल तुमच्या एका मानेपायी भाव चढला! आमच्या हिला माहेरी जायचंय, थोडा शेजारधर्म ठेवा!"

"आणि तुमची ती एवढी लांब मान, भाऊजी? ती नाही का मोजत?"

"मी ती जमिनीला घासत हिंडतो. हनुवटीचं कातडं गेलंय माझ्या. देशासाठी."

यमुनाबाई हसल्या आणि मान खाली घालून कंद सोलू लागल्या. करकोचा दिसेनासा होईपर्यंत मात्र त्यांचे कान वरच होते. कान अजून मोजत नसत.

हे माना मोजण्याचं प्रकरण समजायला थोडं मागे जावं लागेल.

सातखोऱ्याच्या मधोमध खोल दरी होती. दरीतून पायवाट जायची. तिचा एक फाटा बाजाराला आणि दुसरा पलीकडच्या पठारावर. पूर्वी सगळे चालत जात. मग गवा महाराज गादीवर आले आणि त्यांना प्रजेच्या पायांची दया आली. त्यांनी पायवाटेच्या तोंडाशी बोरी-बाभळीचं जाडजूड कुंपण घातलं आणि वर पाटी लावली : 'तुमच्या सोयीसाठी बंद.' त्याच दिवशी करकोच्यांची हवाई सेवा सुरू झाली. करकोच्याच्या चोचीत झोळी, झोळीत प्रवासी, भाडं कंदांत किंवा धान्यात. महाराजांना पेलेल असा करकोचा काही मिळाला नाही. पण उद्घाटनाला त्यांनी झोळीत एक खूर ठेवला आणि भाषण केलं.

"बंधूंनो आणि भगिनींनो! काल सरपटत होता तो आज उडणार आहे! आणि जो आमच्यावर निष्ठा ठेवील, त्याला आम्ही कधीही विसरणार नाही!"

न विसरण्याची पद्धत अशी होती : प्रत्येक फेरीमागे प्रवाशाला करकोच्याचं एक गळालेलं पीस. दहा पिसं जमली की कुठलीही एक फेरी फुकट. काट्यांनी झोळी फाटते म्हणून साळिंदरांना काटे-अधिभार वेगळा. त्यांनी तोही भरला.

यमुनाबाईंचा जन्म पठारावरचा. थोरली बहीण अजून तिथेच होती. पठाराची लांब फेरी कंदांवर परवडणारी नव्हती, म्हणून त्यांनी बाजाराच्या छोट्या फेऱ्या करून पिसं जमवायला घेतली. दहावं पीस हातात आलं त्याच सकाळी वरून आदेश आला की यापुढे पिसांचा भाव रोज ठरेल.

भाव ठरवायला सरडा नेमला. त्याचं शिक्षण काय, असं कुणी विचारलं नाही, कारण त्याचे दोन डोळे दोन दिशांना फिरत आणि या कामाला तेच लागत होतं. एका डोळ्याने तो आभाळाकडे बघणाऱ्या माना मोजायचा, दुसरा डोळा महाराजांकडे. मग तो खडकावर बसून रंग बदलायचा. हिरवा म्हणजे दहा पिसं, पिवळा म्हणजे वीस, लाल म्हणजे चाळीस.

"ज्याला जायची ओढ जास्त, तो वर जास्त बघतो," सरड्याने समजावलं. "ज्याची ओढ जास्त, त्याने जास्त द्यावं. यात अन्याय कुठे आहे? भाव आम्ही ठरवतच नाही. तुमच्या माना ठरवतात."

हे ऐकून जंगलाने माना खाली घातल्या. मोरांनी नाचणं सोडलं. बगळ्यांसाठी मान आखडून चालण्याची शिबिरं निघाली. वर बघणाऱ्या पोरांना आया चापट मारू लागल्या. महाराज दौऱ्यावर निघाले तेव्हा त्यांना वाटेत एकही मान वर दिसली नाही आणि त्यांचे डोळे भरून आले. "केवढा हा आदर," ते म्हणाले.

सरडा म्हणाला, "मागणी घटली आहे. तेव्हा झोळ्या कमी कराव्या लागतील." झोळ्या कमी झाल्या. झोळ्या कमी, म्हणून भाव वाढला.

तर अशा त्या साध्या दिवशी संध्याकाळी यमुनाबाईंनी आपली पिसं उन्हातून आत घेतली. चाळिसाला एक कमी होतं.

"उद्या बाजाराची एक फेरी केली की झालं," त्या म्हणाल्या. "मग लाल असू दे नाहीतर जांभळा. ताई ओळखेल ना गं मला?"

"न ओळखायला काय झालं?"

"आपण निष्ठावंत आहोत, वेणू. पहिल्या झोळीपासूनचे. अशांना ते विसरत नाहीत."

वेणूच्या ओठांवर काहीतरी आलं होतं. पण आई पिसं अशी एकावर एक ठेवत होती, जशी कुणी निजलेली पिल्लं हलवतं. वेणूने कंदाचा तुकडा तोंडात टाकला आणि त्याबरोबर ते वाक्यही गिळलं.

सकाळी यमुनाबाई उठल्या नाहीत.

शेजारी आले. घोरपडेकाकांनी पहिल्यांदाच मान जमिनीवरून उचलली आणि ती कुठे ठेवावी ते त्यांना कळेना. "काल उगाच बोललो गं मी," ते म्हणाले. वेणू म्हणाली, "आई हसली होती, काका." 

साळिंदरांमध्ये रीत आहे की गेलेल्याचा एक काटा त्याच्या जन्माच्या बिळाशी रोवायचा. वेणूने आईचा पाठीवरचा एक काटा घेतला, पिसं घेतली आणि ती सरड्याच्या खडकाशी गेली.

"पठाराची एक फेरी. आजचा भाव काय?"

"तुमच्यासाठी ऐंशी."

"काल तर चाळीस होता."

"काल तुम्हाला नुसतं जायचं होतं. आज निकड आहे."

वेणूने पिसं पुढे ठेवली. "ही एवढी आहेत. आईची. उरलेल्यांचं मी बघते."

"आईंची? म्हणजे त्या..." सरडा क्षणभर राखाडी झाला. तो शोकाचा रंग होता. मग तो पुन्हा लाल झाला. "आम्ही आपल्या दुःखात सहभागी आहोत. पण मग ही पिसं चालणार नाहीत. पीस प्रवाशाच्या मालकीचं नसतं, बाई. ती आमची कृपा असते. प्रवासी संपला की कृपा संपते. नियम आहे."

"कुठे लिहिलाय?"

"पाटीच्या मागच्या बाजूला."

तेवढ्यात ढोल वाजले. पलीकडच्या जंगलातला तरस येत होता. गेल्या हंगामात याच तरसाने सातखोऱ्याचं धान्यकोठार फोडलं होतं आणि महाराजांनी त्याच्या नावाने दवंडी पिटवली होती. आज सकाळी तो आपल्यात आला होता. त्याच्या गळ्यात हार होता, पाठीवर स्वागताच्या पिसांचा भारा होता, आणि त्याच्यासाठी रिकामी ठेवलेली झोळी मखमलीची होती.

"यांनी एकही फेरी केलेली नाही," वेणू म्हणाली.

"म्हणून तर!" सरडा कळवळून म्हणाला. "हे कुठेही जाऊ शकतात. यांना धरून ठेवावं लागतं. तुम्ही कुठे जाणार आहात?"

तरसाने झोळीतून हात हलवला. त्याने मान चांगली वर केली होती. त्याची मोजली नाही.

वेणूला कुठेतरी पाठ टेकायची होती, जिथे कुणी बघणार नाही अशा जागी. जवळचं असं ठिकाण म्हणजे कुंपण. तिथे कुणी फिरकत नसे. तिने पाठ टेकली. कडकन आवाज झाला.

बाभळीचा काटा मोडला होता. तिचा नाही.

ती थोडी मागे सरकली. आणखी दोन-चार मोडले. आणखी सरकली, तर मागचे पाय पलीकडे आणि पुढचे अलीकडे. तशी मध्येच उभी राहून ती हसायला लागली. हसता हसता तिला रडू आलं आणि मग पुन्हा हसू आलं. इतकी वर्षं सातखोऱ्यातली यच्चयावत साळिंदरं काट्यांच्या कुंपणापुढे उभी राहून पाटी वाचायची आणि घरी परत जायची.

पिसं तिथेच टाकून, आईचा काटा तोंडात धरून ती दरीत उतरली.

पठारावर एका बिळाशी एक म्हातारं साळिंदर ऊन खात बसलं होतं. त्याला नीट दिसत नव्हतं.

"कोण गं?"

"मी वेणू, मावशी. यमुनेची."

"यमुना कुठाय?"

वेणूने काटा समोर ठेवला. मावशीने तो नाकाने चाचपला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग दोघींनी मिळून तो मातीत रोवला.

"झोळीतून आलीस?"

"चालत."

"लांब आहे का गं फार?"

"नाही, मावशी. दुपार व्हायच्या आत पोचले."

मावशीने काट्याभोवतीची माती पंजाने दाबली. "मीही कधी निघाले नाही," ती म्हणाली.

वेणू चालत गेली आणि चालत आली, ही बातमी सातखोऱ्यात पसरायला वेळ लागला नाही. दुसऱ्या दिवशी चार साळिंदरं कुंपणातून आरपार गेली. त्यांनी पाडलेल्या भोकातून एक ससा गेला. सशामागून घोरपडेकाकू माहेरी गेल्या, आणि काका दोन दिवस मान वर करून त्यांची वाट बघत बसले.

वर काळजी पसरली. कुंपण दुप्पट करावं असं एक मत पडलं, पण त्याला काटे लागले असते आणि काट्यांचं कंत्राट तरसाकडे होतं. शेवटी सरड्याने सल्ला दिला : सत्कार करावा.

भरसभेत महाराज उभे राहिले. "बंधूंनो आणि भगिनींनो! काही लोक म्हणतात, आम्ही निष्ठावंतांना विसरलो. हे आम्ही विसरलो आहोत का?" टाळ्या पडल्या. "कैलासवासी यमुनाबाई! पहिल्या झोळीपासून शेवटच्या श्वासापर्यंत दुसऱ्या कशाने गेल्या नाहीत! अशी निष्ठा आज कुठे आहे? त्यांना आम्ही 'निष्ठारत्न' हा किताब देत आहोत, आणि सोबत पठाराची एक फेरी, संपूर्ण मोफत!"

सरडा हिरवागार झाला. हळू आवाजात त्याने जोडलं, "प्रवाशाने स्वतः हजर राहणं आवश्यक."

टाळ्या थांबेनात. तरसाच्या टाळ्या सगळ्यांत मोठ्या होत्या. मग वेणूला पुढे बोलावलं आणि सांगितलं की आईच्या वतीने आभाराचे दोन शब्द बोल, फार नकोत, महाराजांना पुढचा कार्यक्रम आहे.

वेणू पुढे आली. समोर सगळं जंगल खाली मान घालून बसलं होतं.

"मला आईला एक सांगायचं होतं, ते राहून गेलं," ती म्हणाली. "म्हणून तुम्हाला सांगते, महाराज. आई निष्ठावंत नव्हती. वाट बंद आहे, असं तिला वाटत होतं."