पाटलाचा कोरडा हात

एका गावात एक पाटील होता आणि त्याचा उजवा हात मोठा मानाचा होता. पाटलाचं नाव केरबा. त्या हाताची करंगळी लहानपणी बैलगाडीच्या जुवाखाली सापडून मोडली होती आणि बाहेरच्या बाजूला वाकडी बसली होती, ती कायमची. पण वाकडी का असेना, वर्षातून एकदा अख्खं गाव त्या हाताकडे डोळे लावून उभं राहायचं.

त्याचं असं होतं. गावाखालच्या नदीत एक खोल डोह होता. काठावर शेंदूर लावलेले सात दगड होते. त्या साती आसरा, पाण्यातल्या देवता. डोहातले मोठाले महाशीर मासे त्यांचे, अशी गावाची श्रद्धा होती. ते मासे कोणी खात नसे, धरतही नसे. फक्त चैत्रातल्या जत्रेला पाटलाने एक मासा गळाने धरायचा, त्याला कुंकू लावायचं आणि परत पाण्यात सोडायचा. सोडलेला मासा शेपटीच्या एका फटक्यात खोल गेला, की वर्ष बरं जाणार, असं लोक मानायचे.

केरबाच्या वडिलांनी हा मान जन्मभर सांभाळला आणि केरबाच्या मते अगदीच पडेलपणे सांभाळला. म्हातारा छातीएवढ्या पाण्यात उतरायचा. त्याच्या गळाचा उलटा काटा कानशीने घासून टाकलेला असायचा. त्यामुळे गळ आला त्याच वाटेने मागे सरकवला, की लगेच सुटायचा. दोन्ही हात भिजवून तो मासा पाण्यातल्या पाण्यातच धरायचा, एक हात पोटाखाली आणि एक शेपटीपाशी. कुंकवाचं एक बोट लावायचा, माशाचं तोंड धारेकडे करायचा आणि तो आपणहून निघेपर्यंत थांबून राहायचा. काठावरच्या लोकांना काय दिसायचं? म्हाताऱ्याची पाठ.

"पोरा, माशाच्या अंगावर पाण्यानं घातलेलं पांघरूण असतंय," म्हातारा सांगायचा. "कोरड्या हातानं धरशील, तर ते तुझ्या तळव्याला चिकटून येईल. मग तो उघडा पडतो."

केरबा मान डोलवायचा आणि मनात म्हणायचा, बाबांना मान मिळाला, पण मिरवता काही आला नाही.

पुढे म्हातारा वारला आणि मान केरबाकडे आला. गावाने पाठ पुष्कळ बघितली, आता मासा बघू दे, असं त्याने पहिल्याच वर्षी ठरवून टाकलं. लोहाराकडून त्याने नवा गळ करून घेतला, चांगला उलट्या काट्याचा. ऐन जत्रेत मासा निसटला असता तर शोभा झाली असती ना!

जत्रेच्या दिवशी डोहातला सगळ्यात मोठा मासा गळाला लागला. केरबाने तो ओढत ओढत कातळावर घेतला. ऊन चढलं होतं आणि कातळ चांगला तापला होता. गळ निघेना, म्हणून त्याने तो हिसडून काढला. मासा हातातून सुळसुळ निसटायला लागला, तेव्हा त्याने हात उपरण्याला खसाखसा पुसून कोरडे केले. मग डाव्या हाताने जबडा धरला, उजव्या हाताने कूस आवळली आणि मासा डोक्यावर उचलला.

"वर घ्या पाटील, आणखी वर!" लोक ओरडले.

ढोल वाजायला लागले. केरबाने गोल फिरून चारी बाजूंना मासा दाखवला. त्याचे दोन्ही हात गुंतले होते, म्हणून गावच्या देवळातल्या गुरवाने कुंकू लावलं आणि एवढी गर्दी बघून त्यालाही हुरूप आला, त्याने आरती सुरू केली. आरती सगळी कडवी घेऊन संपली. मासा तोंडाची उघडझाप करत होता. केरबाला वाटलं, आज मासासुद्धा खूश दिसतोय. हे त्याला अगदी मनापासून वाटलं. माणूस एकदा मिरवायला लागला, की त्याला काहीही वाटू शकतं.

शेवटी त्याने मासा डोहात भिरकावला. मासा थोडा वेळ कुशीवर तरंगला, मग हळूहळू दिसेनासा झाला. "गेला, गेला!" म्हणून लोकांनी गुलाल उधळला. गुरव म्हणाला, "जीवदान द्यावं तर आमच्या पाटलांनी!" ते ऐकून केरबाला त्या रात्री झोप फार छान लागली.

आठवडा झाला नसेल, तोच तो मासा खालच्या उथळ पाण्यात मरून पडलेला सापडला. गावाच्या काळजाचं पाणी झालं. आसरांचा मासा मेला, आता वर्ष कसं जाणार? आणि अशा वेळी लोकांना आधी कारण नको असतं, माणूस हवा असतो.

माणूस लगेच मिळाला. डोहाच्या वरच्या अंगाला कोंडाबाई सणगरीण राहायची. घोंगड्या विणायची, विणलेल्या घोंगड्या रिठ्याच्या पाण्याने नदीत धुवायची आणि त्यावरच पोट भरायची. म्हातारी, एकटीच होती बिचारी. रिठ्याच्या फेसाने मासे मरतात, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तेव्हा हे तिचंच काम, असं गुरव म्हणाला आणि गावाने ते उचलून धरलं. तिला नदीवरून उठवा, पुन्हा पाण्याला शिवू देऊ नका, असं ठरायला आलं. पण शेवटचा शब्द पाटलाचा.

देवळासमोर लोक जमले. मासा पळसाच्या पानांवर आणून ठेवला होता. केरबा पारावर बसला, त्याने घसा साफ केला आणि माशाकडे बघितलं.

माशाच्या कुशीवर पांढरी बुरशी धरली होती, कापसासारखी. पण ती वाटेल तशी पसरलेली नव्हती. मधे तळवा होता आणि तळव्याला बोटं होती. बाकी अंग स्वच्छ होतं.

"आसरांचा हात हाय त्यो!" गुरव लोकांना समजावत होता. "हिच्या रिठ्यानं पाणी नासलं, म्हणून आसरांनी त्याला हात लावून आपल्या घरी न्हेलं."

लोकांनी हात जोडले. केरबाने जोडले नाहीत. त्या पंजाची करंगळी बाहेरच्या बाजूला वाकडी होती.

त्याचा उजवा हात उपरण्याखाली गेला. लपवायचा असं काही त्याने ठरवलं नव्हतं, हात आपणहूनच गेला. आणि हात गेला हे लक्षात आल्यावर त्याला जी लाज वाटली, तशी आजवर कधी वाटली नव्हती. वडिलांनी सांगितलेलं माशाचं ते पांघरूण त्याला आठवलं; जिथून ते निघालं, नेमकी तिथेच बुरशी धरली होती. उपरण्याला खसाखसा पुसलेले हात आठवले. माशाची ती उघडझाप आठवली. तो खूश नव्हता. तो पाणी मागत होता, आणि आपण त्याला चारी बाजूंना फिरवत होतो.

"बोला, पाटील," गुरव म्हणाला.

बोलायला काहीच अवघड नव्हतं. 'ऊठ नदीवरनं' एवढंच म्हटलं, की सगळं मिटत होतं. मासा पुरला जाणार होता आणि माशाबरोबर पंजाही. कोंडाबाईच्या बाजूने बोलणारं तिथे कुत्रंदेखील नव्हतं. पण वेळ काढायचा म्हणून केरबा म्हणाला, "कोंडाबाई, तुझं काय म्हणणं हाय?"

कोंडाबाई पुढे आली. तिने माशाकडे बघितलं. मग पाटलाच्या उपरण्याकडे बघितलं. पदर सारखा करत ती म्हणाली, "माझं एवढंच म्हणणं हाय पाटील, की रिठ्याला बोटं नसत्यात."

लोक हसले. म्हातारी काहीतरी बरळतेय, असं त्यांना वाटलं. केरबा हसला नाही. तिने ओळखलं होतं, आणि ओळखूनही तिने नाव घेतलं नव्हतं. एक तर घेतलं असतं तरी कोणी मानलं नसतं. आणि दुसरं म्हणजे, ते सांगायचं काम तिचं नव्हतंच.

केरबा पारावरून उतरला. माशापाशी गुडघे टेकून त्याने उपरण्यातून उजवा हात बाहेर काढला आणि त्या पांढऱ्या पंजावर ठेवला. तळव्याखाली तळवा बसला. बोटाखाली बोट बसलं. वाकड्या करंगळीखाली वाकडी करंगळी बसली.

गुरवाने मान खाली घातली.

"आसरांचा न्हाई, माझा हात हाय ह्यो," केरबा म्हणाला. "बानं शिकवलं हुतं सगळं. येत नव्हतं असं न्हाई. तुमी बघावं म्हणून म्या त्याला कोरड्या हातानं आवळला. तुमी वाहवा करत हुता, तवाच त्यो मरत हुता."

मग तो कोंडाबाईकडे वळला. तिच्या नजरेला नजर देणं त्याला जमेना. तिच्या पायांकडे बघत तो म्हणाला, "चुकलो. माफी कर."

"माझी कशापायी मागता, पाटील?" कोंडाबाई म्हणाली. "मी जित्ती हाय." आणि ती वळून आपल्या ओल्या घोंगड्यांकडे निघून गेली.

तो मासा केरबाने स्वतः खड्डा खणून डोहाच्या काठी पुरला. मान दुसऱ्याला द्या, असं त्याने गावाला सांगून बघितलं, पण गावाने ऐकलं नाही. ज्याला चूक कळली, त्यानेच मासा धरावा, असं ठरलं.

पुढच्या चैत्रात केरबा छातीएवढ्या पाण्यात उतरला. गळ वडिलांचा होता, काटा घासून टाकलेला. या वेळी ढोल नव्हते. काठावरच्यांना त्याची पाठ तेवढी दिसत होती. त्याने हात भिजवले, मासा पाण्यातच अलगद धरला, गळ मागे सरकवून सोडवला, कुंकवाचं बोट लावलं आणि माशाचं तोंड धारेकडे करून तो थांबून राहिला. बऱ्याच वेळाने पाण्यावर एक मोठी लाट उठली.

"गेला का, पाटील?" काठावरून कोणीतरी विचारलं.

"गेला."

"मग या की बाहेर. हात कशाला बुडवून उभं ऱ्हायलाय?"

केरबाने हात पाण्यातच ठेवला. मासा केव्हाच खोल गेला होता. पण आपला उजवा हात चारचौघांत वर काढायची त्याला अजून लाज वाटत होती.

तात्पर्य: जीवदान देताना नजर त्या जिवावर असावी, बघणाऱ्यांवर नव्हे; दाखवण्यासाठी केलेली दयाही जीव घेते.