बरा आहे

गुन्हा घडला तेव्हा भानावर नसलेल्या माणसांना ठेवतात, अशा एका कडेकोट मनोरुग्णालयात एकदा एक तरुण डॉक्टर वृद्ध गुरूंच्या हाताखाली काम करू लागला. रुग्णाला कसं वाटतं हे रुग्णानंच सांगावं, या तळमळीनं त्यानं एक प्रश्नावली सुरू केली. झोप लागते का? भीती वाटते का? आवाज ऐकू येतात का? दुसऱ्या वर्षी तिथल्या चाळीसच्या चाळीस रुग्णांनी लिहिलं, ‘बरा आहे.’

तो हर्षभरित होऊन कागद घेऊन आला. गुरूंनी ते वाचलेही नाहीत. त्यातला सावळारामचा कागद तेवढा उचलला आणि शिष्याला घेऊन ते त्याच्या खोलीत गेले. भ्रमाच्या भरात सख्ख्या भावाचा जीव घेतलेला हा माणूस अकरा वर्षं आत होता. गुरूंनी कागद त्याच्याच हातात दिला.

“हा तुझ्यापाशी ठेव. तू बोलशील ते फायलीला लागणार नाही, हा माझा शब्द. आता सांग, कसा आहेस?”

सावळारामनं आधी तरुण डॉक्टरकडे पाहिलं. मग खाली मान घालून म्हणाला, “आवाज येतात, साहेब. भावाचाच येतो. गेल्या साली खरं लिहिलं होतं मी. आईला भेटायला जायची रजा मिळणार होती, ती या साहेबांनी थांबवली. पंधरा दिवसांत आई गेली. तवापासून बराच आहे मी.”

तरुण डॉक्टरला रजा थांबवणाऱ्या हुकमावरची आपली सही आठवली. नियमाप्रमाणेच केली होती.

बाहेर आल्यावर गुरू म्हणाले, “रजा थांबवणं कदाचित योग्यही असेल. पण त्याच्याशी बोलायला तू गेला नाहीस, नुसता हुकूम धाडलास. ज्याच्या हाती कुलूप आहे, त्यानं विचारलेला प्रश्न आतल्या माणसाला उलटतपासणीच वाटतो. त्यानं विश्वासानं मन उघडलं आणि तू ते पुरावा म्हणून वापरलंस. बाकीच्यांनी ते पाहिलं. हे चाळीस कागद त्यांच्या प्रकृतीचे नाहीत, त्यांना वाटणाऱ्या तुझ्या धाकाचे आहेत.”

तरुण डॉक्टरनं विचारलं, “मी त्याची क्षमा मागू?”

“अवश्य माग,” गुरू म्हणाले. “पण ‘क्षमा केली’ असं तो म्हणाला, तर ते खरं मानू नकोस. नाही म्हणण्याची त्याला अजून सोय नाही.”