ताटाच्या डाव्या अंगाला

"मग ठेवायचं तरी कुठं, महाराज?"

भानगिरीबुवांनी उत्तर दिलं नाही. ते मठातल्या चुलीपाशी बसून भाकरी थापत होते, आणि भाकरी थापताना बुवा देवाशीसुद्धा बोलत नाहीत, असं टेकडीखालच्या वाडीत सगळे सांगत.

मुरलीधरराव सोळुंके थांबले. थांबायची त्यांना सवय नव्हती. दोन दगडखाणी, एक खडी क्रशर आणि खाली पायथ्याशी उभी असलेली पांढरी गाडी, एवढं ज्याचं आहे त्याच्यासाठी लोक थांबतात. इथं ते एका गोसाव्याच्या भाकरीसाठी खोळंबले होते.

भाकरी तव्यावर पडली.

"काय ठेवायचं?" बुवांनी विचारलं.

"पिस्तूल, महाराज. मघाच सांगितलं की."

"मघा मी पीठ मळत होतो."

मुरलीधररावांनी राग गिळला आणि पुन्हा सांगितलं. परवान्याचं पिस्तूल आहे. सरकारी शिक्क्याचं, चोरीचं-मारीचं नाही. पण बायकोला ते घरात नको झालंय.

"आधी काही म्हणणं नव्हतं हो हिचं. परवाना हातात आला तेव्हा हिनंच गल्लीत पेढे वाटले. आणि आता बघा! कुणी कान भरले, काय की. घरात ते राहील नाहीतर मी राहीन, म्हणायलीय."

"ही म्हणजे कोण?"

"ही म्हणजे... घरची. प्रयाग."

"कशाला घेतलं होतंस पिस्तूल?"

"धंदा तसला आहे, महाराज. खाणीचा. दुष्मन फार."

खरं सांगायचं तर दुष्मन फार नव्हते. शेजारच्या खाणवाल्यानं घेतलं म्हणून यांनी घेतलं. मग लग्नकार्यात गादीवर बसताना कुर्ता कमरेपाशी जरासा वर राहील असं बसायची कला त्यांनी हळूहळू कमावली. हे असलं लेणं डब्यात ठेवून काय उपयोग? चारचौघांची नजर पडली की अंगावर मूठभर मांस चढायचं.

"कुठं कुठं ठेवून पाहिलंस?"

हा प्रश्न मुरलीधररावांना आवडला. यात त्यांची बाजू पक्की होती.

"आधी कपाटात ठेवलं, शालींच्या खाली. हिनं शाली काढून ट्रंकेत भरल्या. त्या कपाटाला हात लावंना. मग म्हटलं, देवापाशी ठेवावं. देवघराच्या खणात ठेवलं. देवापाशी तरी काय भ्यायचं माणसानं?"

"मग?"

"मग काय! हिनं देव उचलले आणि स्वयंपाकघरात फळीवर नेऊन मांडले. पिस्तूल राहिलं देवघरात."

बुवांच्या मिशीखाली काहीतरी हललं. हसू असेल, नसेलही.

"मग मी तिजोरीच आणली. लोखंडी. भिंतीत बोल्ट मारून बसवली. आकड्यांचं कुलूप. गोळ्या त्यात नाहीत, गोळ्या वेगळ्या कपाटात, त्याची किल्ली माझ्या करगोट्याला. आता आणखी काय करावं माणसानं? कलेक्टरच्या घरी इतका बंदोबस्त नसंल."

"आकडे प्रयागला सांगितलेस?"

"तिला कशाला?"

बुवांनी भाकरी उलटली.

मुरलीधरराव पुढं सरकले. मनात जी गोष्ट त्यांनी हुकमाच्या पानासारखी राखून ठेवली होती, ती आता काढली.

"खरं सांगू का? हे पिस्तुलाचं नाहीच. नुसता हट्ट आहे बाईचा. मागं निवडणूक लागली. परवान्याची हत्यारं ठाण्यात जमा करायचा हुकूम निघाला. मी पहिल्या दिवशी नेऊन दिलं. पावती आणून हिला दाखवली. म्हटलं, बघ, आता घरात पिस्तूल नाही, गोळी नाही. आता तरी माझ्यासोबत जेवायला बस. तर हिनं ताट उचललं आणि गेली स्वयंपाकघरात! जमिनीवर बसून जेवली. मला वाढायचं, आणि मग आपलं आत जाऊन खायचं, असं वरीसभर चाललंय. पिस्तूल ठाण्यात होतं, महाराज. मग भ्याली कशाला?"

बुवा थांबले. हातातला पिठाचा गोळा त्यांनी परातीत ठेवला.

"तुझ्यासोबत जेवत नाही?"

"नाही ना."

"आधी जेवायची?"

"आधी जेवायची की. लग्न झालं तेव्हापासून... माझ्या आईला ते आवडायचं नाही, तरी मीच म्हणायचो, सोबत बस."

हे बोलताना मुरलीधररावांचा आवाज उगाच मऊ झाला. तो मऊ झालेला त्यांना आवडला नाही. त्यांनी खाकरून घसा साफ केला.

"आता तर कळस झालाय. लेक आहे एकच, शिवकन्या. तिचं पहिलं बाळंतपण. ही म्हणती, ते माझ्या भावाच्या घरी करीन, या घरात नाही. उद्या सकाळी भाऊ गाडी घेऊन येणार, ही तिकडं जाणार, पोरीलाही तिकडंच आणणार. बापाचं घर असं तीन मजली उभं असताना पोरगी मामाच्या घरी बाळंत? गाव तोंडात शेण घालील माझ्या."

गावाचं त्यांनी सांगितलं. प्रयाग उद्या उंबरा ओलांडून गेली तर परत येणार नाही, हे त्यांना पुरतं कळलेलं होतं. त्या भीतीनंच त्यांना टेकडीवर आणलं होतं. पण ते त्यांनी सांगितलं नाही.

"म्हणून म्हणतो महाराज, तुम्ही एक जागा सांगा. तुमचा शब्द ती मोडायची नाही. महाराजांनी सांगितलं तिथं ठेवलंय म्हटलं की तोंड बंद होईल तिचं."

"आणलंयस का?"

"हाय की. गोळ्या गाडीतच काढल्यात. या खिशात आहेत. मठात भरलेलं कसं आणीन?"

"बस. जेव आधी."

"जेवण कशाला, महाराज..."

"इथं दुपारचा आला तो जेवून जातो. मठाची रीत आहे. तुझ्या तिजोरीसारखी पक्की."

मुरलीधरराव पाटावर बसले. बुवांनी पितळी ठेवली. गरम भाकरी वाढली, दुसरी थापून तव्यावर टाकली, पिठलं वाढलं, डाव्या अंगाला चिमूटभर मीठ ठेवलं. मग हात पुढं केला.

"दे ते."

मुरलीधररावांनी कमरेचं पिस्तूल काढून दिलं. बुवांनी ते मुळ्याची जुडी धरावी तसं धरलं, आणि मीठ वाढलं होतं त्याच्या शेजारी जमिनीवर ठेवलं. नळी मुरलीधररावांकडं.

"हां. जेव आता."

मुरलीधरराव हसले. "महाराज, तोंड तेवढं तिकडं करा."

"का? भरलंय?"

"नाही, नाही. रिकामं आहे."

"नक्की?"

"मीच रिकामं केलंय ना."

"मग जेव."

मुरलीधररावांनी भाकरीचा तुकडा मोडला. पिठल्यात बुडवला. तोंडात घातला. पिठलं झणझणीत होतं, चांगलं होतं, पण घास तोंडात नुसता फिरत राहिला. डोळे पितळीवर ठरेनात. स्वतःच्या हातानं रिकामं केलेलं, गोळ्या स्वतःच्या खिशात असलेलं पिस्तूल... आणि डाव्या बरगडीला कसलातरी गारवा लागत होता.

ते पाणी प्यायले. दुसरा तुकडा मोडला.

बुवा समोर बसून पाहत होते.

"ताट का सरकवलंस?"

"कुणी?"

"तू."

मुरलीधररावांनी खाली पाहिलं. सारवलेल्या जमिनीवर पितळीच्या काठाची रेघ उमटली होती. पितळी उजवीकडं चार बोटं सरकली होती. त्यांना ठाऊकही नव्हतं.

"सवयीनं सरकली असंल..."

"तुझं ताट चार बोटं सरकलं, मुरलीधर. तिचं कुठवर सरकलं?"

चुलीतलं लाकूड खाली बसलं. ठिणग्या उडाल्या आणि विझल्या.

"तुम्हाला कुणी सांगितलं?" मुरलीधररावांचा आवाज एकदम चढला. "ती आली होती इथं? प्रयाग आली होती?"

"कुणी आलं नाही. ती ताट उचलून नेते, हे तूच सांगितलंस."

मुरलीधररावांनी हातातला तुकडा पितळीत ठेवला. खरकटा हात मांडीवर पुसला. मोठ्या माणसानं करू नये असं ते करून बसले, आणि त्यांच्या लक्षात आलं नाही.

"कमरेला टोचत होतं," ते म्हणाले. "मागच्या वर्षी शिवकन्याची सोयरीक जमायली होती. स्थळ चांगलं. पण ही म्हणायची, पोरीची शेवटच्या वर्षाची परीक्षा होऊ द्या, मग बघू. पोरगीही आईच्याच बाजूनं. चार दिवस घरात तेच ते, तेच ते. त्या रात्री जेवायला बसलो. बसताना कमरेला टोचलं. म्हणून काढून ठेवलं."

"कुठं?"

"टेबलावर."

"टेबल केवढं आहे तुझं?"

"आठ माणसांचं."

"आठ माणसांच्या टेबलावर कुठं?"

मुरलीधररावांची नजर आपोआप पितळीच्या डाव्या अंगाला गेली.

"...मीठ होतं तिथं."

"कुणाच्या ताटातलं?"

ते चुलीकडं पाहू लागले.

"कुणाच्या?"

"तिच्या."

बाहेर टेकडीच्या उतारावर कुणीतरी शेळ्यांना हाका मारत होतं.

"रिकामं होतं, महाराज. पोरीची आण घेऊन सांगतो. गोळी नव्हती त्यात."

"तिला माहीत होतं? सांगितलंस?"

"मी एक शब्द बोललो नाही! आवाज चढवला नाही, हात उगारला नाही. आजपर्यंत कधी तिच्या अंगाला बोट लावलं नाही मी. विचारा कुणालाही."

"कुणाला विचारू? तिथं कोण होतं?"

"शिवकन्या वाढत होती."

भाकरी तव्यावर करपायला लागली होती. बुवांनी ती काढली नाही.

"मग? काय म्हणाली प्रयाग?"

"काही नाही. म्हणाली, तुम्ही म्हणाल तसं." त्यांनी डोळे मिटले. "पुढच्या आठवड्यात सोयरिकीची सुपारी फुटली."

आता सगळं सांगून झालं होतं, आणि सांगून झालं म्हणजे सुटलो, असं मुरलीधररावांना वाटायला लागलं. खाणीवर तसंच असतं. दगड फुटेपर्यंत कष्ट, एकदा फुटला की ट्रॅक्टर भरायचा. त्यांच्या छातीवरचं ओझं उतरलं. डोळ्यांत पाणीही आलं, आणि त्या पाण्याचं त्यांना थोडं कौतुक वाटलं. आपण इतके काही वाईट नाही. वाईट माणसाच्या डोळ्यांत पाणी येतं होय?

ते उठले. पिस्तूल उचललं, खांद्यावरच्या पंच्यात गुंडाळलं, आणि वाकून बुवांच्या पायाशी ठेवलं. खिशातल्या गोळ्या काढून त्याच्या शेजारी ठेवल्या.

"सोडलं, महाराज."

बुवांनी पंच्याकडं पाहिलं.

"आता हे माझ्या घरात येणार नाही. चार दिवस तुमच्यापाशी राहू द्या, मग रीतसर ठाण्यात देतो. परवानाही परत करतो. एवढ्या खटपटीनं मिळवलेला परवाना, पण सोडला. आत्ता जातो आणि प्रयागला सांगतो, महाराजांच्या पायाशी ठेवून आलो. आता कशाला जाशील भावाकडं? आता तरी बस जेवायला."

त्यांनी मान खाली घातली. डोक्यावर हात पडेल, म्हणून ते वाट पाहत राहिले.

हात पडला नाही.

बुवांनी पितळी उचलली. दोन घास मोडलेली भाकरी बाहेरच्या कुत्र्याला टाकली. परत येऊन पिस्तूल ठेवलं होतं ती जागा ओल्या फडक्यानं पुसली. मग पंच्याची गुंडाळी उचलली, गोळ्या उचलल्या, आणि सगळं मुरलीधररावांच्या हातात दिलं.

"घेऊन जा."

"महाराज?"

"गावात जाताना वाटेवर ठाणं लागतं. तिथं दे. मठात परवाना चालत नाही."

"देतो. आत्ताच देतो. पण... मग झालं ना? आता ती थांबंल ना?"

बुवा चुलीपाशी जाऊन बसले. करपलेली भाकरी त्यांनी तव्यावरून काढली, मधून मोडली, आतला पांढरा भाग बोटानं चाचपून पाहिला.

"सांगा ना, महाराज! मी तर पिस्तूलच सोडून द्यायलो."

"ते तुझ्यापाशी आहेच कुठं?" बुवा म्हणाले. "ते तर वरीसभर तिच्या मिठाजवळ पडलंय... उद्या गाडी यायच्या आत तिथून उचलता येतंय का, बघ."