पाच चाळीसचा मुहूर्त

निंबखेड नावाच्या गावात नागोजी नावाचा एक भोळा गडी होता. भोळा म्हणजे, ज्याला तोंडावर भोळा म्हणतात आणि पाठ वळली की दुसरंच काहीतरी म्हणतात, तसला.

काळ संस्थानी. कचेरीच्या ओसरीवर लंबकाचं मोठं घड्याळ होतं आणि अंगणातल्या पिंपळाला पितळेची घंटा टांगलेली होती. घड्याळात बघायचं आणि मोगरीने तेवढे टोले द्यायचे, एवढंच नागोजीचं काम. आजाने हेच केलं, बापाने हेच केलं. वतन वंशपरंपरेचं, त्यामुळे त्याला काढून टाकायची सोय नव्हती. सोय असती तर मामलेदारांनी पहिल्याच आठवड्यात काढला असता.

त्यात नागोजीचं लग्न ठरलं. मुलगी आगरवाडीच्या बयाजी पाटलाची, सगुणा. बघायला गेला तेव्हा नागोजीने पोह्यांची बशी उलटी धरली आणि सगुणा खुदकन हसली. तिच्या हसण्यावर गडी जो खूश झाला, तो त्या दिवसापासून लग्नाला किती टोले राहिले ते मोजू लागला. बयाजी मात्र खूश नव्हता. मामलेदारांनी शब्द टाकला म्हणून तो गप्प होता, पण कचेरीत बोलणी करायला आला, तेव्हा जाताना बजावून गेला.

"सायेब, तुमच्या शब्दाला मान दिला. पण अक्षता पडंपतुर मी मोकळा. काय येडंवाकडं कानावर आलं की सोयरीक मोडली."

"काही येणार नाही," मामलेदार म्हणाले. त्यांना तरी काय माहीत.

झालं काय, राजेसाहेब विलायतेला जाऊन आले. तिकडे उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे सारतात म्हणे. लोक लवकर उठतात आणि उजेड कामाला लागतो. राजेसाहेब म्हणाले, आपणही करू. अक्षय्य तृतीयेच्या दिवशी कचेरीच्या भिंतीवर कागद चिकटला: 'आजपासून कचेरीचे घड्याळ एक तास पुढे करावे.'

नागोजीने अक्षर लावून लावून कागद वाचला. घड्याळ एक तास पुढे केलं. सगळं बिनचूक. मामलेदारांनी पाठ थोपटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नागोजी आला, तर कागद तिथेच. त्याने पुन्हा वाचला. आजपासून, एक तास पुढे. आज तर आजच होता. त्याने घड्याळ आणखी एक तास पुढे केलं.

तिसऱ्या दिवशीही आजच होता.

पाचव्या दिवशी शाळेची पोरं अंधारात ठेचकाळत आली आणि बायकांनी दात घासणाऱ्या नवऱ्यांपुढे दुपारची ताटं वाढली. बयाजी पाटील बैलगाडी जुंपून आला आणि म्हणाला, "मोडतो." मामलेदारांनी त्याला गूळपाणी दिलं, नवी पद्धत आहे, बसायला वेळ लागतो, असं काहीबाही सांगून परत धाडलं. मग घड्याळ चार तास मागे घेऊन ते नागोजीकडे वळले.

"अरे शहाण्या, एकदा पुढे केलं ना? मग झालं. एकदा केलेलं काम परत करायचं नाही."

"व्हय सायेब," नागोजी म्हणाला. त्याने ते मनात पक्कं धरलं. सगुणेसाठी तो काय वाटेल ते पक्कं धरायला तयार होता.

दर शनिवारी घड्याळाला चावी द्यायची असे. शनिवार आला. नागोजी चावी घेऊन स्टुलावर चढला आणि थबकला. गेल्या शनिवारीच तर दिली होती. एकदा केलेलं काम! बरं झालं वेळेवर आठवलं, असं म्हणून तो उतरला.

सोमवारी घड्याळ दहा वाजून दहा मिनिटांवर थांबलं. नागोजी मोगरी घेऊन अकराची वाट बघत उभा राहिला. अकरा काही वाजेनात. कचेरीतले कारकून लिहीतच राहिले. शाळेतल्या पोरांचे पाढे तीसपर्यंत गेले, परत दोनपासून सुरू झाले. दिवेलागणीला मामलेदारांना शंका आली. तोवर बयाजी 'मोडतो' म्हणायला येऊन, कचेरी अजून सुटली नाही म्हणून बाहेर ताटकळून, कंटाळून गेलाही होता.

"अरे, घड्याळ बंद पडलं तर जरा गावाकडे बघावं," मामलेदार कपाळाला हात लावून म्हणाले. "ते समोर तात्या सोनार राहतात. चाळीस वर्षं बाराला जेवायला बसतात. ते बसले की बारा. एवढं कळू नये?"

"आता कळलं सायेब."

घड्याळाला चावी मिळाली, ते टकटक चालू लागलं. पण नागोजीने त्याच्याकडे पाठ केली. दुसऱ्या दिवशी तो तात्यांच्या खिडकीशी जाऊन उभा राहिला. आत तात्या पाटावर बसले होते. भात वाढलेला, वरण वाढलेलं, लिंबाची फोड कडेला. पण तात्यांचा हात गुडघ्यावर.

"जेवा की तात्या," नागोजी म्हणाला.

"बारा वाजू देत. मग जेवतो."

"तुम्ही घास घ्या, मग वाजिवतो."

"अरे, आधी टोले."

"न्हाई तात्या, आधी घास."

दोघेही शब्दाचे पक्के. तात्यांनी चाळीस वर्षांचा नेम मोडला नाही आणि नागोजीने साहेबांचा हुकूम मोडला नाही. वरणावर साय धरली. चार वाजता तात्यांना भोवळ आली आणि त्यांच्या मंडळींनी कचेरीत जाऊन मामलेदारांचा जो उद्धार केला, तो इथे सांगण्याजोगा नाही.

बयाजी आला, तेव्हा मामलेदारांनी त्याला काहीच म्हणू दिलं नाही. "मृगाला लग्न आहे, पंधरा दिवस कळ काढा," म्हणून हात जोडले. मग नागोजीला घड्याळासमोर नेऊन उभं केलं.

"हे बघ. हे घड्याळ सांगेल तीच वेळ. गाव काही म्हणो, तात्या काही म्हणोत, तुझे डोळे काही म्हणोत. अरे, मी स्वतः समोर उभा राहून काही सांगितलं तरी ऐकायचं नाही. हे म्हणेल तेच खरं. कळलं?"

"कळलं सायेब."

आणि खरंच कळलं. पंधरा दिवस एक टोला चुकला नाही. गाव चकित झालं. बयाजीला 'मोडतो' म्हणायला जागाच उरली नाही, त्यामुळे तो घरात चिडचिड करू लागला.

मृगाचा दिवस उजाडला. घंटा सोडून जाता येत नाही, म्हणून मांडव कचेरीच्या अंगणातच घातला होता. पत्रिकेत मुहूर्त छापला होता, सायंकाळी पाच वाजून चाळीस मिनिटे. त्याच दिवशी राजेसाहेबांचा दुसरा हुकूम होता. उन्हाळा सरला, तेव्हा सायंकाळी सहा वाजता घड्याळ मागे घेऊन पाच करावे. मामलेदारांनी नागोजीकडून तो तीनदा वदवून घेतला. एकदाच करायचं, आजच करायचं, उद्या नाही. नागोजीने सगळं बरोबर सांगितलं.

पाच चाळीसला अंतरपाट दूर झाला. सगुणेने नागोजीच्या गळ्यात हार घातला, नागोजीने सगुणेच्या गळ्यात घातला. अक्षता पडल्या, वाजंत्री वाजली. बयाजीने सुस्कारा सोडला. "पदरी पडलं, पवित्र झालं," तो म्हणाला. मामलेदारांनी महिन्याभरात पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला. नागोजीच्या तर डोळ्यांत पाणी आलं. सगुणा त्याच्याकडे बघून तशीच खुदकन हसली.

भटजी सप्तपदीची तयारी करू लागले. तेवढ्यात सहा वाजले. नागोजी मुंडावळ्या सावरत उठला. सहा टोले दिले. घड्याळाचे काटे मागे घेऊन पाच केले. पाच टोले दिले. पाहुण्यांनी अकरा मोजले आणि एकमेकांकडे बघितलं, पण हुकुमाप्रमाणे सगळं चोख होतं.

"शाबास," मामलेदार म्हणाले.

नागोजी मात्र घड्याळासमोरून हलेना. त्याने घड्याळाकडे बघितलं. खिशातली पत्रिका काढून बघितली. परत घड्याळाकडे बघितलं. मग त्याने मुंडावळ्या सोडल्या, हार काढून खुंटीला अडकवला, आणि सगुणेपासून चार हात लांब जाऊन अदबीने बसला.

"काय झालं रे?" मामलेदारांनी विचारलं. त्यांचा आवाज बारीक झाला होता.

"पाच वाजल्यात सायेब. लगीन पाच चाळीसला हाय. परक्याच्या लेकीला खेटून बसणं बरं दिसत न्हाई."

सगुणेने विचारलं. "आन् मघाशी माझ्या गळ्यात हार कुणी घातला?"

"त्यो मी चाळीस मिनिटांनी घालनार हाय," नागोजी समजुतीने म्हणाला.

"नागोजी!" मामलेदार उठले. "अरे, लग्न लागलंय तुझं. मी सांगतो, लागलंय."

"सायेब, तुमी समोर उभं राहून सांगितलं तरी ऐकायचं न्हाई, असं तुमीच सांगितलंय. घड्याळ म्हनंल तेच खरं."

मामलेदारांनी भटजींकडे बघितलं. भटजींनी डोकं खाजवलं. "सप्तपदी राहिलीय खरी," ते म्हणाले. "तसं बघितलं तर..."

बयाजी पाटील सावकाश उठला. त्याच्या तोंडावर असा उजेड महिन्याभरात कुणी बघितला नव्हता.

"जावईबापू, म्हंजी अक्षता अजून पडल्याच न्हाईत?"

"न्हाईत."

"मंग मी अजून मोकळा?"

"मोकळा मामा."

"किती येळ?"

नागोजीने घड्याळाकडे नीट बघितलं. "पस्तीस मिनटं."

"लई झाली," बयाजी म्हणाला आणि बैल जुंपायला गेला.

मामलेदार गाडीमागे वेशीपर्यंत धावले. सगुणा गाडीत मागे तोंड करून बसली होती. ती रडत होती की हसत होती, ते पदरामुळे कळलं नाही. नागोजी ओसरीवरून तिला हात करत होता.

"लांब जाऊ नगा," तो ओरडून सांगत होता. "मुहूर्त चुकंल."

मग त्याने परत मुंडावळ्या बांधल्या. खुंटीवरचा हार काढून घेतला. बरोबर पाच चाळीसला तो पाटावर ताठ उभा राहिला, दोन्ही हातांत हार धरून. समोरचा पाट रिकामा होता. मांडवात भटजी होते, मामलेदार खांबाला टेकून धापा टाकत होते.

नागोजीने घड्याळ बघितलं. पाच एक्केचाळीस.

"बघा सायेब," तो म्हणाला. "एवढी पत्रिका छापली, तरी मुलीकडच्यांना येळेची काय किंमतच न्हाई."