मऊ पडलेला टोस्टाडा

“हाही मऊ पडला, फादर! आता काय करू?”

दुमिंग मास्तरांनी ताटली पुढे सरकवली. हेडमास्तर होते तेव्हा त्यांची चाहूल लागली तरी अख्खी शाळा चिडीचूप व्हायची. आज एका टोस्टाड्यानं त्यांना रडकुंडीला आणलं होतं.

टोस्टाडा म्हणजे मेक्सिकोकडची मक्याची पातळ भाकरी, कडक तळलेली. वर वाटलेला राजमा, त्यावर तव्यात लालसर भाजलेलं डुकराचं मटण, कांदा, लिंबू. मास्तरांची लेक शर्लिन जहाजावर स्वयंपाकी. तिचा त्यावर भारी जीव, हे मास्तरांना बहिणीकडून कळलेलं.

जहाजावर निघाली त्या दिवशी मास्तर गरजले होते, “जायचं तर जा, पण पुन्हा या घराची पायरी चढायची नाही!” पोरगी बापाचीच. ती वर्षानुवर्षं पायरी चढली नाही. आज मात्र येते म्हणाली होती. फक्त जेवायला.

म्हणून तर मास्तरांनी फादर बस्त्याव यांना सकाळीच बोलावून घेतलं. सेमिनरीचं, म्हणजे पाद्री घडवणाऱ्या शाळेचं, स्वयंपाकघर त्यांनी उभी हयात सांभाळलेलं, आणि वसईत मास्तरांना ‘अरे दुमिंग’ म्हणणारं आता तेवढंच एक माणूस उरलं होतं.

फादरनी एक तुकडा तोंडात टाकला.

“मटण झकास. टोस्टाडा रचलास कधी?”

“तासाभरापूर्वी. सगळं वेळेआधी तयार हवं, फादर. मी जन्मात कधी घंटेनंतर वर्गात गेलो नाही.”

“ठाऊक आहे... म्हणूनच मऊ पडला.”

फादर उठले. रचून ठेवलेल्या सगळ्या ताटल्या त्यांनी रिकाम्या केल्या. मटण परत तव्यात, राजमा वाडग्यात. उरलेल्या कोरड्या भाकऱ्या डब्यात, वर घट्ट झाकण. टेबल पुसून लख्ख केलं.

मास्तर आडवे आले.

“अहो, ती येईल आणि टेबल रिकामं? तिला वाटेल, बापानं काही केलंच नाही!”

“वाटू दे.”

“कांदा तरी चिरतो...”

“राहू दे.”

फादरनी गॅस बारीक केला. मग मास्तरांकडे न बघताच विचारलं, “आणि बोलणं? तेही रचून ठेवलंयस का?”

मास्तर कानापर्यंत लाल झाले. सकाळपासून आरशासमोर माफीची उजळणी चालली होती.

फादर मटण परतू लागले.

फाटक वाजलं.

शर्लिन दारातच थांबली. पायात बूट, खांद्याला बॅग. तिनं रिकामं टेबल पाहिलं, बापाला पाहिलं. मास्तरांना वाटलं, संपलं. आली तशी निघाली ही.

शर्लिननं खोल वास घेतला.

“पप्पा... हा वास कसला?”

ती तडक गॅसपाशी गेली. तव्यात डोकावली.

“अय्या! आणि आच इतकी बारीक? मोठी करा, जरा चुरचुरू दे.” बॅग खाली. बूट कोपऱ्यात. “कांदा कुठाय?”

“चिरायचा राहिला गं.”

“राहिला? तुमच्याकडून?” ती खळखळून हसली. “आणा इकडे.”

ते हसू ऐकलं आणि मास्तरांच्या छातीवरचं ओझं उतरलं. ते पटकन स्टूल ओढून बसले.

तिनं कांदा चिरला, डब्यातून भाकऱ्या काढल्या, तिघांसाठी तीन रचल्या. एक उचलून उभ्याउभ्याच चावली. कर्रकन आवाज झाला.

“पप्पा,” ती तोंडातल्या घासासकट म्हणाली, “सुट्टी आहे मला. इथेच राहीन म्हणते. चालेल?”

मास्तरांचे डोळे भरून आले. पाठ केलेलं सगळं एकदम ओठांवर आलं.

“शर्लिन... बाळा, त्या दिवशी मी जे—”

फादरनी एक टोस्टाडा त्यांच्या ओठांशी धरला.

“तोंड उघडलंच आहेस ना, दुमिंग? मग चाव.”