ठकूचा पराक्रम

मुलांनो, आणि मुलांच्या आडून कान देणाऱ्या मोठ्यांनो, फार जुनी गोष्ट सांगतो. इतकी जुनी, की त्या राज्याचा राजा कोण होता हे आता कोणाच्याही लक्षात नाही. राजांचं हे असंच होतं. पण त्या राज्यात नदीकाठी रंगाऱ्यांचं एक गाव होतं, ते मात्र माझ्या चांगलं लक्षात आहे.

त्या गावात निळीने कापड रंगवत. बाया असोत की पुरुष, सगळ्यांची नखं कायम निळी असत. लग्न जमवताना तिथले लोक मुलाची शेती विचारत नसत, आधी त्याची नखं बघत.

गावातल्या सगळ्यात मोठ्या कारखान्यात एक गमतीची रीत होती. नवा माणूस पहिल्यांदा एकट्याने कापड रंगवतो, तेव्हा ते हमखास बिघडतं. कुठे डाग पडतात, कुठे पट्टे उमटतात. असं कापड ते फेकून देत नसत. दसऱ्याच्या दिवशी ते ओसरीच्या आढ्याला टांगत आणि त्याला 'पराक्रम' म्हणत. कारखान्याच्या मुकादमाचा पराक्रम म्हणजे एक पगडीचं कापड होतं. त्यावर इतके ठिपके होते, की सगळे त्याला बेडूक म्हणत. येताजाता या कापडांवरून एकमेकांची थट्टा चाले. ज्याची थट्टा होई तो वरवर चिडे आणि आतून खूश होई, कारण आढ्याला पराक्रम लागला की माणूस कारखान्याचा झाला असं सगळे मानत.

त्याच गावात ठकू नावाची एक तरुण बाई राहत होती. लहानपणी तापात तिचा डावा हात लुळा पडला होता. गाव तिच्याशी फार चांगलं वागे. सणाला तिच्या घरी पहिलं ताट जाई, जत्रेत तिला पुढची जागा मिळे. काम मात्र कोणी देत नसे. ती मागायला गेली की लोक म्हणत, "तू कशाला दगदग करतेस बाई, आम्ही आहोत ना." ठकू घरी परत येई आणि आपल्या स्वच्छ, गोऱ्या नखांकडे बघत बसे. तिला त्या नखांची लाज वाटे.

एक दिवस ती मोठ्या कारखान्यात गेली आणि मुकादमाला म्हणाली, "मला रंगारी व्हायचंय."

मुकादम मनाने वाईट नव्हता. त्याने तिला बसायला पाट दिला, गूळपाणी दिलं आणि मग म्हणाला, "ठकू, ओलं कापड पिळायला दोन हात लागतात. तुझ्यावर अन्याय नको आणि माझ्या कापडावरही नको."

निळीच्या नांदेपाशी, म्हणजे रंगाच्या मोठ्या कुंडापाशी, बायजाक्का बसली होती. ती कारखान्यातली सगळ्यात जुनी रंगारीण. मुकादमालाही तिनेच शिकवलं होतं, त्यामुळे ती त्याला अरेतुरे करी. ती म्हणाली, "रंगारी कर म्हणून कोण सांगतंय तुला? उमेदवारी तर करू दे. दसऱ्यापर्यंत माझ्या शेजारी बसव. शिकवायचं काम माझं."

"आणि नाही जमलं तर?"

"तर दसऱ्याला मी स्वतः तिला घरी पोचवून येईन."

मुकादमाने मान डोलावली आणि ठकूची उमेदवारी सुरू झाली.

नीळ कालवायला ती लवकर शिकली. नांदेतला रंग तयार झाला की नाही ते वासावरून ओळखायला थोडा वेळ लागला, तो सगळ्यांनाच लागतो. अडलं ते पिळण्यापाशी. कापडाचं एक टोक तिने पायाखाली धरून पाहिलं, ते निसटलं. मग दातात धरलं. पीळ बसला खरा, पण तिचे दात निळे झाले आणि दोघी पोट धरून हसल्या.

"दातांनी आयुष्यभर पिळणार आहेस का?" बायजाक्का म्हणाली. मग ती उठली, सुताराकडे गेली आणि ओसरीच्या खांबात एक जाड लाकडी खुंटी ठोकून घेतली. कापडाचं एक टोक खुंटीत अडकवायचं, दुसऱ्या टोकात दांडकं घालायचं आणि दांडकं फिरवत राहायचं. ठकूच्या एका हाताने कापड झकास पिळलं गेलं.

काही दिवसांनी कंबर दुखणारा एक धिप्पाड रंगारी त्या खुंटीपाशी घुटमळताना दिसला. बायजाक्काने विचारलं तेव्हा म्हणाला, "काही नाही, खुंटी घट्ट आहे का बघत होतो." नंतर बरेच जण खुंटी घट्ट आहे का ते बघू लागले. शेवटी सुताराला आणखी खुंट्या ठोकाव्या लागल्या.

बायजाक्का शिकवताना कडक होती. ठकू चुकली की ओरडे. बाकीचे रंगारी म्हणत, "अक्का, तिला तरी बोलू नकोस." त्यावर ती म्हणे, "तुम्हाला बोलले तेव्हा तुमचं काय झिजलं?" ठकूला हे फार आवडे. तिच्यावर आजवर कोणी ओरडलंच नव्हतं.

आणखी एक गोष्ट ती शिकली. रंगवायच्या आधी प्रत्येक रंगारी कापडाच्या दशांना, म्हणजे टोकाच्या सुट्या धाग्यांना, आपली गाठ मारी, म्हणजे कोणतं कापड कोणाचं ते कळे. ठकू दशांचं एक टोक दातात धरून एका हाताने गाठ मारी. तिची गाठ जराशी एका बाजूला कललेली असे.

दसरा जवळ आला. ठकूने एकटीने रंगवायचं कापड ठरलं. तेच बघून मुकादम तिला ठेवायचं की नाही ते सांगणार होता.

बिचारीला फार घाई झाली. कापड साध्या पाण्यात नीट भिजवायचं ती विसरली आणि नांदेत बुडवताना घड्याही सोडवल्या नाहीत. कापड दोरीवर वाळत घालून ती नदीवर हात धुवायला गेली. निळीच्या नांदेतून कापड हिरवं निघतं; इकडे वारा लागून ते निळं झालं आणि बायजाक्का ते बघायला गेली. कापडभर पांढरे चट्टे होते.

बायजाक्काने आयुष्यात शेकडो बिघडलेली कापडं पाहिली होती आणि प्रत्येक वेळी ती हसली होती. या वेळी तिला हसू येईना. तिला वाटलं, दुसऱ्या कोणाचं असतं तर लोक म्हणाले असते, नवा आहे. ठकूचं बघून म्हणतील, हात नाही. मुकादम तिला परत पाठवेल आणि पोरीची नखं पुन्हा पांढरी होतील. तिने ते कापड काढून टोपलीत लपवलं आणि स्वतः रंगवलेलं तेवढ्याच मापाचं कापड दोरीवर घातलं. आपली गाठ सोडून ठकूसारखी गाठ मारायचा तिने बराच प्रयत्न केला, पण दोन हातांना ती काही जमली नाही. बाकीच्या रंगाऱ्यांनी सगळं पाहिलं आणि ते गप्प राहिले. प्रत्येकाला वाटलं, आपण फार चांगलं केलं. ठकू परतली, तिने दोरीवरचा गडद रंग लांबूनच पाहिला आणि ती हरखून गेली.

दसऱ्याला सगळे ओसरीवर जमले. मुकादमाने ते कापड उन्हात धरलं. रंग एकसारखा, गडद, देखणा होता. "ठकू," तो म्हणाला, "पहिल्याच कापडाला असा रंग मी कधी पाहिला नाही. तू उद्यापासून कामावर ये."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. ठकूचा चेहरा उजळला. तिने कापड हातात घेतलं, मायेने त्याच्या दशांवरून बोट फिरवलं आणि तिचं बोट थांबलं.

"ही गाठ माझी नाही," ती म्हणाली.

टाळ्या बंद पडल्या.

"माझं कापड कुठंय?"

मुकादम गोंधळला. "अगं, काम तर मिळालं ना तुला?"

"काम या कापडाला मिळालं. हे मी रंगवलेलं नाही."

बायजाक्का उठून उभी राहिली. तिचा आवाज एरवीसारखा नव्हता. "मीच बदललं. चट्टे पडले होते. वाटलं, ते बघून तुला घरी पाठवतील. भीती वाटली मला."

ठकूने वर आढ्याकडे पाहिलं. तिथे बेडूक होता, शेजारी बायजाक्काचं अर्धं निळं अर्धं मळकं लुगडं होतं, आणखी कितीतरी कापडं होती.

"अक्का, तुझं बिघडलं तेव्हा कोणी लपवलं होतं का?"

"नाही."

"मग माझंच का? गावाने मला सणाचं ताट दिलं, जत्रेत पुढं बसवलं आणि कामापासून जपून ठेवलं. इथं तू माझ्यावर ओरडायचीस तेव्हा मला वाटायचं, आता मी तुमच्यातली झाले. आज तूही मला झाकून टाकलंस." तिचे डोळे भरून आले होते, पण ती मागे सरली नाही. "मला घरी पाठवायचं तर पाठवा. पण माझं कापड बघून पाठवा."

बायजाक्काने मुकाट्याने टोपलीतून कापड काढून मुकादमाच्या हातात दिलं. त्याने ते उलगडलं. पांढरे चट्टे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पसरले होते. कोणाची हसायची छाती होईना.

"काय चुकलं?" मुकादमाने विचारलं.

"आधी भिजवलं नाही. आणि घाईत घड्या तशाच ठेवल्या."

"हाताचा काही संबंध?"

ठकूने जरा विचार केला. "नाही. डोक्याचा आहे."

मुकादम कापडाकडे बघत राहिला. त्याला आपली पगडी आठवली. ती का बिघडली हे त्याला त्या वेळी सांगताही आलं नव्हतं, तरी त्याला कोणी घरी पाठवलं नव्हतं. त्याला मनापासून वाईट वाटलं आणि थोडी लाजही वाटली. तो म्हणाला, "उमेदवारी पुरी झाली. उद्यापासून कामावर ये. आणि पुन्हा न भिजवता कापड बुडवलंस तर मी स्वतः ओरडेन."

मग त्याने शिडी मागवली, स्वतः वर चढला आणि ठकूचं कापड बेडकाच्या शेजारी टांगलं. खाली उतरून त्याने मान तिरकी करून पाहिलं. "चिखलातून उठलेल्या म्हशीसारखं दिसतंय," तो म्हणाला.

"म्हशीला लाज वाटेल," धिप्पाड रंगारी म्हणाला.

पहिली हसली ती ठकू. मग बायजाक्का डोळे पुसत हसली आणि सगळी ओसरी हसू लागली. त्या दिवसापासून त्या कापडाचं नाव म्हैस पडलं.

ठकू चांगली रंगारीण झाली. फार थोर वगैरे नाही, चारचौघींसारखी चांगली, आणि तिला तेच हवं होतं. पुढे ऐकू न येणारा एक माणूस काम मागायला आला, तेव्हा मुकादमाने काही न विचारता त्याला ठकूशेजारी बसवलं. ठकूने त्याला हाताच्या खुणांनी शिकवलं, आणि कारखान्यातले सगळे त्या खुणा शिकले. त्याचंही पहिलं कापड बिघडलं. एका दयाळू रंगाऱ्याने ते हळूच उचललं, तेव्हा नांदेपाशी म्हातारी बायजाक्का जोरात खोकली. त्याने ते गुपचूप जागेवर ठेवलं. दसऱ्याला शिडी ठकूने धरली.

हळूहळू गावातल्या दुसऱ्या कारखान्यांनीही खुंट्या ठोकल्या आणि उमेदवार घेतले. त्या गावात स्वच्छ नखांचं माणूस सापडेनासं झालं.

तात्पर्य: ज्याला आपल्यात घ्यायचं त्याला काम द्यावं, शिकवणारा द्यावा, आणि आपल्याइतकंच चुकण्याचा हक्कही द्यावा.